माशांची रागी

आमच्या घरात शनिवारी संध्याकाळी रागी दोनदा शिजायची, एकदा माणसांसाठी आणि एकदा माशांसाठी. नाचणीला आम्ही बेंगळूरचे मराठे रागीच म्हणतो. आमचे पूर्वज इकडे येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली, तेवढ्यात नाचणीच काय, पुष्कळ गोष्टींची नावं बदलली. माणसांची रागी आई करायची. उकळत्या पाण्यात पीठ सोडून, पातेलं दोन पावलांत घट्ट धरून ती लाकडी दांड्याने घोटत बसायची आणि मग ओल्या हाताने त्याचे गुळगुळीत गोळे वळायची. त्याला मुद्दे म्हणतात. ते चावायचं नसतं, सारात बुडवून गिळायचं असतं. परगावचा माणूस पहिल्यांदा मुद्दे खायला बसला की हमखास चावत बसतो, आणि आम्ही गालातल्या गालात हसतो. आईची चूल मोकळी झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, शर्टाच्या बाह्या दुमडून स्वयंपाकघरात यायचे आणि आई पदर नाकाला लावून बाहेर पडायची. त्यांचंही पीठ तसंच घोटलेलं, फक्त जरा घट्ट. त्यात थोडा गूळ, हिंग, बडीशेपेची पूड आणि भाजून कुटलेली मूठभर सुकट. या आमिषावर कावेरीतला महाशीर येतो. तिथली माणसं त्याला बिळी मीनु, म्हणजे पांढरा मासा म्हणतात, आणि तो दिसतो मात्र सोनेरी. असं का, हे मी अण्णांना कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, “माशाला विचार.”

अण्णा कारखान्यात फिटर होते. सहा दिवस ते जेमतेम पंचवीस शब्द बोलत असतील, त्यातला निम्मा वाटा ‘सरी’चा, म्हणजे ‘बरं’चा. आई काही म्हणाली की ‘सरी’, माझी थोरली बहीण अक्का काही म्हणाली की ‘सरी’, शेजारी पंप दुरुस्त करून मागायला आले तरी ‘सरी’. बसवनगुडीत बाजारामागच्या गल्लीत आमचं कौलारू घर होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परसात धुण्याचा दगड आणि एक शेवग्याचं झाड. पहाटे फुलवाल्या मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन ओरडत जायच्या, मग देवळातली घंटा, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलातला इडलीच्या भांड्यांचा खणखणाट. रविवारी हे सगळं सुरू व्हायच्या आत आम्ही दोघं घराबाहेर पडलेलो असायचो. अण्णांच्या हातात वेळूची काठी, तिला कारखान्याच्या लेथवर स्वतः कातलेलं पितळी चाक. माझ्या हातात डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले रागीचे गोळे. आई मला पोरगी म्हणून अडवायला बघायची, पण तिचं मन त्यात नव्हतं. घरात आम्ही दोघीच बहिणी. अक्काला नदीचा वास सोसत नसे. राहिले कोण, तर मी.

कनकपुरा रस्त्याची पहिली बस, कनकपुऱ्याला उतरून दुसरी बस, आणि तिच्या शेवटच्या थांब्याला संगम, जिथे अर्कावती कावेरीला मिळते. डब्यातल्या सुकटीचा वास साऱ्या बसमध्ये पसरायचा. कंडक्टर नाक मुरडून म्हणायचा, “एन सार, मत्ते मीना?” म्हणजे काय साहेब, परत मासेच का. अण्णा हसायचे. सहा दिवसांत न हसलेले अण्णा कनकपुरा ओलांडला की कंडक्टरकडे बघून हसायचे, हे मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आईचा विश्वास बसला नव्हता.

उन्हाळ्यात कावेरी खाली जाते आणि मोठमोठे खडक उघडे पडतात. काठाचं पाणी इतकं कोमट असतं की पाय सोडून बसावं आणि उठूच नये. मधल्या धारेतलं पाणी मात्र गार आणि काळं. अर्जुनाच्या झाडाखाली, जिथे धार खडकाला वळसा घेऊन मंद होते, तिथे अण्णांची जागा ठरलेली होती. लिंबाएवढा गोळा गळावर लिंपायचा, टोक तेवढं उघडं ठेवायचं, धारेच्या कडेला फेकायचं, आणि मग दोरी पहिल्या बोटावर घेऊन बसायचं. “डोळे मीट,” अण्णा सांगायचे. “पाण्याकडे बघशील तर फसशील. बोटानं बघ.” डोळे मिटले की खरंच दिसायचं. बारके मासे टुकटुक करून रागी कुरतडायचे. कासव आलं तर दोरी जड व्हायची, कुणीतरी ओलं कापड ओढत असल्यासारखी. आणि बिळी मीनु आला तर विचारायला वेळच देत नसे, एकदम दोरी सुसाट सुटायची, पितळी चाक किंचाळायचं आणि अण्णा माझ्या मागे उभे राहून म्हणायचे, “सोड, सोड, जाऊ दे, त्याला जाऊ दे, आता धर.” त्यांच्या तोंडून एका दमात इतके शब्द फक्त तिथेच निघायचे. मोठा मासा लागला तर ते बहुतेक वेळा परत सोडून द्यायचे. मध्यम दोन-तीन घरी यायचे आणि रविवारी संध्याकाळी चिंच घालून त्यांचं सार व्हायचं.

हल्ली मी मुलाकडे मारतहळ्ळीला राहते, अकराव्या मजल्यावर. मासे मोबाइलवर मागवले की अर्ध्या तासात येतात, बर्फाच्या पिशवीत, कापलेले, धुतलेले आणि डोकं नसलेले. सून पुण्याची, जिवाला जीव देणारी मुलगी आहे. “आई, बघा किती फ्रेश आहे!” म्हणते. मी हो म्हणते. ज्याचे डोळे बघितले नाहीत तो मासा ताजा आहे की नाही हे मला कसं कळणार, पण तिला कशाला हिरमुसलं करायचं. संगमाजवळच्या त्या सगळ्या पट्ट्यात आता गळ टाकायला बंदी आहे. बरंच आहे, मासे तरी वाचतील. एवढं शहाणपणाचं बोलून झाल्यावरही, बसमध्ये कुणाच्या पिशवीतून सुकटीचा वास आला की माझं पहिलं बोट आपोआप वर उचललं जातं. या वयात लोक माहेर आठवून रडतात, मी एका खडकासाठी झुरते. ज्याचा त्याचा जीव.

तर, मी तेरा-चौदाची असताना मामाने अक्कासाठी एक स्थळ आणलं. मुलगा बेंगळुरातच नोकरीला, घर मूळचं चिकोडीकडचं, माणसं चांगली. अडचण एकच होती. मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मासळी वर्ज्य. त्यांनी मामाजवळ निरोप धाडला होता: मुलगी काय खाते हे आम्ही विचारत नाही, ती आमच्याकडे येऊन आमच्यासारखी होईल. पण ज्या चुलीवर मासळी शिजते त्या चुलीवरचं आम्हाला चालत नाही, आणि व्याह्यांच्या घरी आम्ही जेवू शकत नसू तर ती सोयरीक कसली? बोलण्यात उद्धटपणा नव्हता, म्हणून तर त्याला उत्तरही नव्हतं. आईने त्याच बैठकीत शब्द दिला की या घरात आजपासून मासळी नाही. मासळी नाही म्हणजे नदीही नाही. माळकऱ्यांच्या व्याह्याने काठावर बसून जीव मारावेत हे शोभत नाही, असं मामा म्हणाला. सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, “सरी.”

त्यांनी काठीचे सांधे सोडले, पितळी चाकाला तेल दिलं, ते फडक्यात बांधलं आणि सगळं कौलांखालच्या आढ्यावर ठेवून दिलं. मी स्टूल धरून उभी होते. मला वाटलं होतं, मला तरी काही म्हणतील. आईने माशांची मातीची भांडी शेजारच्या गल्लीत देऊन टाकली, स्वयंपाकघर दोनदा सारवून घेतलं, ऊद जाळला. अक्का मात्र गाणी म्हणत फिरत होती. तिला याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, रंगावरून, आणि त्या दोन्ही वेळी ती आठवडाभर खोलीतून बाहेर आली नव्हती. हा मुलगा तिने टायपिंगच्या क्लासला जाता-येता बघितला होता. माझी वेणी घालताना ती म्हणाली, “सुमे, उद्या नीट वाग हं. मला हा मुलगा आवडलाय. अगदी मनापासून आवडलाय.” बोलता बोलता तिने माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात एवढंच होतं की हिच्या लग्नापायी माझी नदी चालली. तेरा वर्षांच्या मुलीला बहिणीपेक्षा नदी जवळची वाटू शकते, हे कुणाला खरं वाटणार नाही, पण तसं होतं खरं.

पाहुणे रविवारी जेवायला येणार होते. शनिवारी संध्याकाळी आई आणि अक्का भाजी-फुलं आणायला बाजारात गेल्या. अण्णा सवयीने बाह्या दुमडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, थांबले, बाह्या पुन्हा खाली केल्या आणि परसात जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. ते बघून माझं काय झालं कोण जाणे. सोमवारी कारखान्याला सुट्टी होती. मी ठरवलं, पाहुणे गेले की अण्णांना सांगायचं, शेवटचं एकदा जाऊ, साखरपुड्याच्या आत. मी चूल पेटवली. पीठ घोटलं. त्यांच्या अवजारांच्या डब्यात सुकटीची पुडी राहिली होती, ती भाजून कुटली, बडीशेप, हिंग, गूळ, सगळं त्यांच्या अंदाजाने घातलं. नेहमी मी नुसती बघायची, हाताने केलं ते पहिल्यांदाच. एक मोठा गोळा झाला, आईच्या मुद्देएवढा. तो मी ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पाण्याच्या माठामागे, जिथे गार राहील अशा कोपऱ्यात, वेताची बुट्टी उपडी घालून तिच्याखाली ठेवला. पुन्हा ऊद जाळला. आई घरी आल्यावर म्हणाली, “आता कसं घर घरासारखं वाटतं.”

रविवारी आबा आले, त्यांच्याबरोबर मुलगा, मुलाची आई आणि मामा. आबा उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. मी त्यांचा राग करायचं ठरवून ठेवलं होतं आणि ते काही केल्या जमेना. आल्या आल्या त्यांनी अक्काला काही विचारायच्या आधी आईला विचारलं, “बेंगळुराला आलोय तर तुमचं त्ये रागीचं काय आसतंय, त्ये वाढणार न्हवं? आम्ही भाकरीची मानसं, कधी खाल्लं न्हाई.” आईने होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, केले होते, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी केली होती, तांदूळ चांगला आणला होता, आणि यांना हवी रागी. तिने घाईघाईने मोजकीच मुद्दे घोटली. अण्णांनी त्यांना शिकवलं, तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा, चावायचं नाही, गिळायचं. आबांनी गिळलं, डोळे मोठे केले, मग हसले. “सरळ पोटातच गेलं की वो!” सगळे हसले. अक्का दारामागे हसली. पहिलं मुद्दे त्यांनी भराभर संपवलं आणि आणखी मागितलं. आई होळगे भाजत होती. तिने अक्काला सांगितलं, “आत एक असेल बघ फडक्यात, वाढ.” आई नेहमीच उरलेलं मुद्दे ओल्या फडक्यात माठाजवळ ठेवायची, वाळू नये म्हणून. पण त्या दिवशी तिचं शेवटचं मुद्दे मामाच्या ताटात गेलं होतं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत उभी होते. अक्का आतून ताटली घेऊन आली आणि मला लांबूनच कळलं. तो गोळा करडा होता, त्यात बडीशेपेचे हिरवट कण दिसत होते. अक्काला ते दिसणं शक्य नव्हतं, तिने माशांची रागी कधी धड बघितलीच नव्हती. तिने त्यावर गरम सार ओतलं आणि ती खाली मान घालून आबांच्या ताटाकडे निघाली. चार-पाच पावलं असतील. मला तेवढ्यात काहीही करता आलं असतं. तांब्या पाडता आला असता, अक्काला धक्का मारता आला असता, नुसतं ‘अक्का, ते नको’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी गप्प राहिले. घाबरून गप्प राहिले, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. त्या चार-पाच पावलांत माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं की आबा हे खातील, उठतील, लग्न मोडेल आणि आम्ही उद्या संगमाला जाऊ.

आबांनी तुकडा तोडला, बुडवला, तोंडात टाकला. त्यांचा हात ताटावर तसाच राहिला. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, पण ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि खायला लागले. भराभर नाही, अगदी हळू. आणि ते चावत होते. नुकतंच शिकवलेलं सगळं विसरून, एकेक घास तोंडात घोळवून चावत होते. मामा म्हणाला, “आबा, चावायचं नसतंय ते.” आबा म्हणाले, “आसू दे.” ताट त्यांनी बोटाने पुसून घेतलं. आई दारातून म्हणाली, “आवडलं वाटतं!”

जेवणं झाल्यावर हात धुवायला ते परसात आले आणि पाणी घालायला मला जावं लागलं. मी पाणी घातलं, त्यांनी हात धुतले, पुन्हा पुढे केले, मी पुन्हा घातलं. शेवटी मीच म्हणाले, “ती माशांची रागी होती. अक्काला माहीत नव्हतं. आईलापण नव्हतं. मी केली होती.”

“ठावं हाय,” आबा म्हणाले. “पयल्या घासालाच कळलं. सुकट हाय न्हवं?”

मी मान हलवली. मला रडू फुटलं.

“रडू नगंस. पयला घास नकळत ग्येला. दुसरा मी खाल्ला. त्येचं माझं मी बघून घीन, गावाकडं ग्येलो की गुरूंम्होरं माळ उतरवून परत घालून घीन.” ते धुण्याच्या दगडावर टेकले. “कुठली नदी तुमची?”

“कावेरी. संगमाला.”

“आमची वेदगंगा. माझा बा आनि मी जुंधळ्याच्या पिठाचं करायचो, ह्येच सगळं घालून. बडीशेप मातूर न्हाई घातली कधी. कशाला घालतासा ती?”

मी डोळे पुसत सांगितलं की वास लांबपर्यंत जातो, धारेच्या खालच्या अंगाला. त्यांनी गोळा केवढा लावता ते विचारलं, दोरी कुठल्या बोटावर धरता ते विचारलं, आणि मी सांगत गेले. दोन नवशिके नाही, दोन जाणकार बोलतात तसं ते माझ्याशी बोलत होते. मग ते म्हणाले, “ह्यो तुझा हुनारा भावजी चार वरसांचा आसताना तापानं फनफनला हुता. तवा माळ घातली. पोरगं वाचलं, तवापास्नं नदीवर ग्येलो न्हाई. तक्रार न्हाई माझी, पोरगं म्हत्त्वाचं. पर पोरी, पानी बघिटलं की आजूनबी हात शिवशिवतोय.” ते आपल्या हाताकडे बघत होते. “तुझ्या बानं माझ्यापायी सोडू ने. त्येला सांग, आबा म्हन्लेत, नदी सोडू नका. आनलेलं मासं परसात निराळ्या चुलीवर शिजवा, घरातली चूल आमची. मी चारचौघांत हे बोलू शकत न्हाई, बायको इचारंल, आत्ताच का सुचलं म्हून. तू सांग त्येला. सांगशील न्हवं?”

मी म्हणाले, सांगीन.

लग्न ठरलं, झालं, थाटात झालं. अक्काने आनंदाने संसार केला, अजून करते आहे. भावजी आता ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलतात आणि ती ओरडून उत्तर देते. आणि मी अण्णांना काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आई खुशीत होती, तिच्यासमोर कसं सांगणार. सोमवारी अण्णांनी अंगणातला नळ दुरुस्त करायला घेतला. निरोप सांगायचा म्हणजे सुकट सांगायची, सुकट सांगायची म्हणजे ती चार-पाच पावलं सांगायची, आणि अण्णांनी विचारलं असतं, “मग तू गप्प का राहिलीस?” अण्णांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. अक्काचं लग्न मोडावं असं मला वाटलं होतं, हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. लग्न होऊ दे, मग सांगू. उगादी होऊ दे, मग सांगू. पुढे पुढे नदीचा विषय निघाला की मीच उठून जायला लागले. अण्णा रविवारी लालबागेच्या तळ्यावर जाऊन बसायचे. एकदा दोनदा म्हणाले, “येतेस?” मी अभ्यास आहे म्हणाले. आबा दर वर्षी यायचे, आमच्या चुलीवरचं जेवायचे, आई कृतार्थ व्हायची. ते माझ्याकडे बघून विचारल्यासारखं हसायचे आणि मी दुसरीकडे बघायची. आबा वारले तेव्हा मी नोकरीला लागले होते. माझं लग्न झालं, मुलगा झाला, आई गेली. काठी तशीच आढ्यावर होती.

अण्णा ऐंशी ओलांडून पुढे गेले होते तेव्हाची गोष्ट. अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे दिवस होते. मी माहेरी गेले होते आणि दुपारी आम्ही दोघं पुढच्या खोलीत शेंगा सोलत बसलो होतो. त्यांचे हात कापायचे, एक शेंग सोलायला त्यांना माझ्या पाच शेंगांएवढा वेळ लागायचा, पण मदत करू दिली नाही तर रागवायचे. का कोण जाणे, मी एकदम बोलायला लागले. गोळा, बुट्टी, अक्का, ती पावलं, परसातले आबा, निरोप, सगळं सांगितलं. मान वर न करता सांगितलं. पन्नाशीची बाई मी, आवाज तेरा वर्षांच्या मुलीसारखा फुटत होता. अण्णा शेंग सोलत राहिले.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले.

मी मान वर केली.

“लग्नानंतर आबांनीच विचारलं. म्हणाले, पोरीनं निरोप दिला ना? मी म्हटलं, दिला. नाही कसं म्हणायचं? तू खोटी पडली असतीस. मग त्यांनी आपणहूनच सगळं सांगितलं, तो गोळासुद्धा.”

“मग तुम्ही गेला का नाहीत, अण्णा? निरोप कळला होता ना? का नाही गेलात?”

“निरोप तुझ्यापाशी होता. म्हटलं, सांगेल. एक वर्ष, दोन वर्षं, शनिवार आला की वाटायचं, आज म्हणेल.” ते थांबले, दम घेतला. “मग तू मोठी झालीस. नदीचं नाव काढलं की उठून जायचीस. मला वाटलं, पोरीला आता नको असेल. निरोप असून देत नाही, म्हणजे नकोच असणार. तुला नको, तर एकट्यानं तिथं जाऊन मी काय करू?”

“मला हवी होती, अण्णा,” मी म्हणाले. “रोज हवी होती.”

त्यांच्या हातातली शेंग खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

“अय्यो, सुमी,” ते म्हणाले, “मग आपण दोघं घरात बसून काय केलं गं?”